कपाटाची किल्ली

आमच्याकडे खेड्यापाड्यांत शाळेच्या ग्रंथालयाला 'कपाट' म्हणतात. "तुमच्या शाळेत ग्रंथालय आहे का रे?" असे विचारले, तर पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, पण "पुस्तकांचं कपाट कुठंय?" म्हटले की साऱ्यांची बोटे एकदम मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे वळतात. तेथे ते असते. करड्या रंगाचे, लोखंडी, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेले. त्याच्या डोक्यावर पृथ्वीचा गोल, झेंड्याची दोरी आणि कुठल्याशा स्नेहसंमेलनातून उरलेला पुठ्ठ्याचा मुकुट. कपाटाला कुलूप असते. किल्ली टेबलाच्या खणात असते, आणि त्या खणालाही कुलूप असते.

दहा-बारा शाळांच्या केंद्राचा प्रमुख म्हणून मी अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे) पुष्कळ वर्षे हिंडलो. अशी किती कपाटे उघडायला लावली याची मोजदाद नाही. कुलूप काढताना गुरुजींना किल्लीशी थोडी झटापट करावी लागे, आणि दार उघडले की डांबरगोळीचा व जुन्या कागदाचा एक बंदिस्त वास अंगावर येई. त्या वासावरूनच मला कळे की यापूर्वी ते कधी उघडले असेल.

कपाट नाही अशी शाळा आता विरळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेसुद्धा असली पाहिजेत, असे स्पष्टच सांगितले आहे. तेव्हा कपाट आले, पुस्तकेही आली. मूल मात्र आले नाही. ते का आले नाही, याचा विचार करू लागलो की माझे मन एका जुन्याच नैतिक प्रश्नाशी जाऊन अडखळते. वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत असला प्रश्न पुढे ठेवतो आहे, याची क्षमा असावी. पण फराळाच्या ताटाशी त्याचे थोडे नाते आहे, ते पुढे येईलच.

प्रथम सोप्या गोष्टी. मुलांनी ग्रंथालयात यावे म्हणून भिंती रंगवतात, सुविचार लिहितात, चटया अंथरतात. हे सारे चांगलेच आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी पुस्तकांना हार घातलेला मी पाहिला आहे, आणि फोटो निघाल्यावर हार उतरवून तीच पुस्तके पुन्हा कुलपात गेलेलीही पाहिली आहेत. आणखी एक खोड म्हणजे खाकी कव्हरांची. पुस्तक मळू नये म्हणून त्याला खाकी कागद चढवायचा आणि कण्यावर लाल शाईने क्रमांक घालायचा. मग राक्षसाची गोष्ट, बेडकाचे जीवनचक्र आणि एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, तिन्ही एकसारखी दिसू लागतात. जणू एकाच पलटणीतले शिपाई. सात वर्षांच्या पोराने त्यांतून आपले पुस्तक ओळखावे कसे? चित्र पाहूनच त्याचा हात पुढे होणार, आणि चित्र तर आपण झाकून टाकले! ज्या शाळांनी कव्हरे फाडून पुस्तके सुतळीवर वाळत घातल्यासारखी व्हरांड्यात टांगली, तेथे मधल्या सुटीत मुले त्या सुतळीखालून हलत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खर्च सुतळीचा.

मुलांनी काय वाचावे यावरही आपण फार काथ्याकूट करतो. आपल्याला वाटते, त्यांनी चरित्रे वाचावीत. त्यांना हवे असते भूत, चोर, नाहीतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. माझे मत विचाराल तर पोराला आधी भुताच्या हवाली करावे. थोर पुरुष थांबू शकतात, त्यांना सवय असते.

पण ही सारी वरवरची दुरुस्ती झाली. सुतळी बांधून झाली, कव्हरे फाडून झाली, तरी एक गोष्ट तशीच उरते. मूल म्हणते, "हे घरी नेऊ का?" आणि गुरुजींचा चेहरा बदलतो.

हा बदल मला नीट समजून घ्यावासा वाटतो, कारण तो गुरुजी दुष्ट असतो म्हणून होत नाही. शाळेत एक मोठी बांधीव वही असते, तिचे नाव जडवस्तूसंग्रह नोंदवही. घंटा, फळे, खुर्च्या, पाण्याची टाकी, यांची तीत नोंद. कितीतरी लहान शाळांतून पुस्तकेही ह्याच वहीत, नाहीतर तिच्या सख्ख्या बहिणीत, दाखल झालेली मी पाहिली आहेत. जडवस्तू! बदली झाली की गुरुजींनी ही सारी यादी दुसऱ्याच्या ताब्यात मोजून द्यायची. एक खुर्ची कमी भरली तर खुलासा, पाच पुस्तके कमी भरली तर खुलासा. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाचे कागद करून निर्लेखन होते, म्हणजे ते रीतसर वहीतून उतरते. त्यात गुरुजींचा दोष धरत नाहीत, वाळवी काय कोणाच्या बापाचे ऐकते? मुलाने नेलेले पुस्तक परत आले नाही, तर मात्र दोष निश्चित. तेव्हा शहाणा माणूस काय करील? पुस्तक वाळवीच्या हवाली करील, मुलाच्या नाही. आणि तरीही त्याचे कपाट तपासणीत पूर्ण भरेल.

आता फराळाचे ताट. दिवाळीत आपल्या घरून शेजारी ताट जाते, आणि ते परत येते तेव्हा रिकामे येत नाही, ही आपली रीत. कधी मात्र ते येतच नाही. पाडवा जातो, भाऊबीज जाते, तुळशीचे लग्न लागते, ताटाचा पत्ता नाही. शेजारणीला विचारायला जीभ रेटत नाही. पुढे केव्हातरी ते कोणाच्या मांडणीवर दिसते, किंवा दिसतच नाही. पण एवढ्यावरून पुढल्या वर्षी फराळ पाठवणे बंद केले, असे घर माझ्या पाहण्यात नाही. ज्या घरी पाहुणा उठला की वाट्या मोजतात, त्या घरी पंचपक्वान्ने असली तरी आपण पुन्हा जात नाही. मुलेही अशीच असतात. आपल्याकडे कोण वाट्या मोजणाऱ्या डोळ्यांनी पाहते आहे, हे त्यांना फार लवकर कळते.

हा दाखला मी एकदा आमच्या केंद्राच्या बैठकीत दिला. सगळे हसले. मागे बसलेले एक वयस्क गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, ताट तुमचं असतं. पुस्तक माझं नाही."

या उत्तराने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. दुसऱ्याच्या मालावर उदार होणे याला सद्गुण कोण म्हणेल? पुस्तक सरकारचे, म्हणजे लोकांचे; गुरुजी त्याचे राखणदार. राखणदाराने विश्वासाने वागावे म्हणजे ठेव जपावी, हे तर सरळ आहे. त्याहून अवघड भाग पुढेच होता. आज एका मुलीने हरवलेले पुस्तक उद्या दुसऱ्या मुलीला मिळणार नाही. ती दुसरी अजून पहिलीत असेल, तिचा चेहराही आपल्याला ठाऊक नसेल. पण तिचा हक्क खोटा कसा म्हणावा?

मी स्वतःशी असे मांडून पाहिले. विश्वस्ताकडे दोन गोष्टी असतात, ठेव आणि ठेवीचा हेतू. बियाण्याची कणगी राखायला दिलेल्या माणसाने मृग बरसल्यावरही कणगीला हात लावू दिला नाही, तर दाणा न् दाणा शिल्लक दाखवूनही त्याने घर बुडवले असेच आपण म्हणू. पेरलेले सगळेच उगवत नाही, हे काय शेतकऱ्याला ठाऊक नसते? त्या पहिलीतल्या मुलीचा हक्क खरा आहे; पण बंद कपाटाने तिचा हक्क राखला जात नाही, तिच्या बहिणीचा आज बुडतो तसा तिचाही उद्या बुडेल, इतकेच. तरी गुरुजींचे म्हणणे निकालात निघाले असे मला वाटत नाही. नुकसान होणारच असेल, तर ते एकट्या गुरुजींच्या माथी का? ज्या व्यवस्थेला वाळवीचा तोटा सोसतो, तिला मुलांचा तोटाही सोसला पाहिजे. शंभरांत चार-पाच पुस्तके जातील हे आधीच गृहीत धरून ती वहीतून उतरवायची सोय हवी, त्यासाठी कोणाला खाली मान घालून उभे राहावे लागू नये. एवढे झाल्याशिवाय गुरुजींना 'उदार व्हा' म्हणणे हे आपणच दुसऱ्याच्या खिशावर उदार होणे आहे.

पुस्तक बांधून ठेवण्याची ही ओढ काही आपलीच नव्हे. इंग्लंडात हेरफर्डच्या मोठ्या चर्चमध्ये साखळ्यांनी फळ्यांना जखडलेली जुनी पुस्तके आजही पाहायला मिळतात. त्या काळी त्यात अर्थ होता; एकेक पोथी हाताने लिहायला महिनेच्या महिने लागत. साखळी हा त्या पुस्तकाचा मान होता. पुढे छापखाने आले, पुस्तक स्वस्त झाले, साखळी गेली, पण साखळीची वृत्ती गेली नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरण्यासाठी असतात हे होय. इतकी साधी गोष्ट शास्त्र म्हणून आधी सांगावी लागली, यातच सारे आले. त्यांच्याही आधी, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास अमेरिकेहून बोलावले, आणि मग पेट्या भरभरून पुस्तके संस्थानातल्या खेड्यांत फिरू लागली. त्या पेट्यांतली सगळीच पुस्तके धडकी परत येत असतील असे थोडेच आहे! राजा म्हणून त्यांना ते परवडले, असे कोणी म्हणेल. पण आजचे सरकार काय त्या संस्थानाहून गरीब आहे?

आणि आमच्या जिल्ह्याला तर ही लाज विशेष वाटायला हवी. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला असे आपण मानतो, तो पैसाचा खांब आजही तेथे उभा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. संस्कृताच्या कुलपात असलेला ग्रंथ ज्यांच्या हाती जायचा नव्हता त्यांच्या हाती द्यावा की नाही, हा प्रश्न या मातीत तेव्हा एकदा सुटला. नगर शहरात १८४० च्या दशकात सिंथिया फरारबाई मुलींची शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतले. जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये तेथे लिहिले, मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रेही तिथलीच. परक्या सरकारने माणसे कुलपात ठेवली, वाचणे-लिहिणे तेवढे ठेवले नाही. आमच्या शाळांतून पोरे मोकळी हुंदडतात आणि पुस्तके स्थानबद्ध!

असो. मूळ प्रश्नाची धार मला खरी जाणवली ती किल्ल्यात नव्हे, पाथर्डी तालुक्यात.

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत असे म्हटले तरी चालेल. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्याचा मुलूख. लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, आणि मग धुराडी वाढत गेली. दक्षिण-पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड. तेथला माणूस दसरा उलटला की ऊसतोडीला निघतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, ती फेडायला सहा महिने फडात राबायचे. मुले कुठे जाणार? हंगामी वसतिगृहे निघाली, साखरशाळा निघाल्या, मुलाने जाईल त्या शाळेत बसावे म्हणून शिक्षण हमी कार्डही निघाले. काही पोरे आजीपाशी राहतात. पण धाकटे भावंड सांभाळायला कोणी हवे असते, आणि ते 'कोणी' बहुतेक वेळा चौथी-पाचवीतली मुलगी असते.

अशीच एक पाचवीतली मुलगी भाऊबीजेच्या आधी, शाळेला सुटी लागायच्या दिवशी, आपल्या बाईंपुढे उभी राहिली. मी तेव्हा त्या शाळेत भेटीला गेलो होतो.

"बाई, परवा ट्रक येणारे. ही तीन पुस्तकं नेऊ का?"

"आणशील कधी गं?"

"पाडव्याला." म्हणजे गुढीपाडव्याला.

अनामत ठेवायला तिच्याजवळ काय होते? 'आधी विश्वास मिळवावा, मग पुस्तक मिळेल' हा नियम कानाला न्याय्य वाटतो. परंतु ज्याच्या घरी पुस्तक आहे त्यालाच पुस्तक जपायची सवय असते. ज्याच्या घरी नाही त्याने ती सवय कुठून आणायची? विश्वास हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस ठरवले, की तो ज्यांना मुळातच मिळत आला त्यांच्यातच फिरत राहतो. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू नकोस म्हणण्यासारखेच ते. आणि त्या पोरीच्या बापाला तर सहा महिन्यांच्या बोलीवर मुकादमाने उचल दिलीच होती ना? अर्थात ती विश्वासाने नव्हे. ती गळ्यात घातलेली दोरी. तरी मला वाटून गेले, या कुटुंबाचा शब्द घेऊन पैसे पुढे करणारा मुकादम निघतो, आणि पन्नास रुपयांचे पुस्तक पुढे करायला शाळा निघू नये?

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मला काहीतरी बोलावे लागले असते, हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी पुस्तके दिली, वहीत नोंद केली, आणि एक प्लॅस्टिकची पिशवी शोधून तिच्यात ती बांधून दिली. "पाचट पेटवतात तिथं, जपून," एवढेच म्हणाल्या.

चैत्रात मी पुन्हा गेलो तेव्हा मुलगी आली होती, काळवंडलेली, थोडी उंच झालेली. एक पुस्तक जसेच्या तसे परत आले. दुसऱ्याचे मुखपृष्ठ गेले होते, पानांना चुलीचा धूर आणि उसाच्या रसाचे डाग. तिसरे नव्हते. रात्री कोपीपुढे ती ते मोठ्याने वाचायची, शेजारच्या कोप्यांतली पोरे येऊन बसायची. त्यांत बीडकडचा एक मुलगा होता. त्यांची टोळी आधी हलली.

"त्याचं वाचायचं राह्यलं व्हतं, बाई. मग दिलं त्याला."

ती हे घाबरून सांगत नव्हती. बाईंनी आपल्याला दिले, तसे आपण त्याला दिले, यात काही चुकले असे तिच्या गावीही नव्हते. सहा महिन्यांत ती ग्रंथपाल झाली होती, आणि तिने आपल्या ग्रंथालयाचा एकमेव नियम आमच्यापेक्षा नीट पाळला होता.

बाई पैसे भरायला तयार होत्या. मी नको म्हटले. मग त्या म्हणाल्या, "पण साहेब, याला हरवलं म्हणायचं का?" मला उत्तर सुचेना. वहीत दोनच रकाने होते, परत आले किंवा हरवले. कुठल्यातरी वस्तीवर, चार महिन्यांनी का होईना, एक मुलगा ते पुस्तक संपवत असेल, आणि आमच्या लेखी ते नष्ट झालेले! उलट, कपाटात खालच्या फळीवर दहा वर्षांत कोणी न उघडलेली चाळीस पुस्तके होती, ती मात्र वहीप्रमाणे सुखरूप.

शेवटी त्या वर्षीच्या निर्लेखनाच्या यादीत ते पुस्तक घालायचे ठरले. यादी बाईंनी आपल्या सुरेख अक्षरात केली. कारणाच्या रकान्यात वरपासून वाळवी, वाळवी, भिजले, वाळवी, जीर्ण असे लिहीत आल्या, आणि त्या पुस्तकापुढे त्यांनी लिहिले, 'वाचनात आहे.' मी खाली सही केली. पुढे लेखापरीक्षण झाले, त्यावर आक्षेप काही निघाला नाही. कदाचित कोणी ती वही उघडून पाहिलीच नसेल.